आई, हो दाब!

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हयात घालवलेल्या ऑपरेटरबाईंबद्दल असं सांगतात, की एकदा एक्स्चेंजच्या छपराला आग लागली, साहेबासकट सगळे बाहेर पळाले आणि बाई मात्र आत बसून बंबवाल्यांचा फोन जोडत राहिल्या. तो जोडून झाला तर बोर्डावर दुसऱ्या फोनचा दिवा लागला, म्हणून तोही जोडला. मग तिसरा. शेवटी बंबवाल्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून रस्त्यावर आणलं, तेव्हा बाईंच्या हातात तुटकी वायर होती आणि तोंडात "जोडते हं, थांबा" एवढेच शब्द. आता छप्पर खरंच पेटलं होतं की कुणाची शेगडी धुमसली होती, याबद्दल दुमत आहे. पण दिवा लागला की जोडायचं, कोण बोलतंय ते विचारायचं नाही, आणि काय बोलतंय ते ऐकायचं तर मुळीच नाही, हा बाईंचा धर्म होता, याबद्दल दुमत नाही. त्यांच्या बोटांखालून लग्नं जुळली, मोडली, भाऊबंदक्या पेटल्या, मेलेल्यांच्या बातम्या गेल्या. बाईंनी एक अक्षर ऐकलं नाही. निदान त्या तसं शपथेवर सांगत.

पुढे एक्स्चेंज आपोआप चालू लागलं आणि बाई घरी बसल्या. नवरा कधीच गेला होता. घरात एकुलता एक मुलगा, चाळिशीला टेकलेला. त्याला सगळे प्रोफेसर म्हणत. प्रोफेसर तो नव्हताच, विद्यापीठात संशोधक होता. पण लहानपणापासून नाकावर चष्मा होता, लोकांना तेवढं कारण पुरलं.

त्याचं काम वाऱ्याचं. म्हणजे असं, की कुठेतरी एखादा पूल बांधायचा असला की त्याचं चित्र याच्याकडे येई. मग कॅम्पसमधल्या खोलीएवढ्या कॉम्प्युटरच्या पोटात हा त्या पुलावर वारा सोडायचा. आधी झुळूक, मग वावटळ, मग झाडं उपटणारं वादळ. पूल कुठे कुरकुरतो, कुठे मोडतो, ते पाहायचा आणि बांधणाऱ्यांना कळवायचा. आणि दैवाची थट्टा बघा, जगातली सगळी वादळं ज्याच्या बोटावर, त्याच्या स्वतःच्या छातीत मात्र जिना चढण्यापुरता वारा उरला नाही. फुप्फुसं वाळल्या पानासारखी झाली. शेवटी डॉक्टरांनी ती काढून एका मेलेल्या अनोळखी माणसाची बसवली.

"ही परकी आहेत," डॉक्टर बाईंना म्हणाले होते. "शरीर त्यांना हाकलून द्यायला बघणार. म्हणून आम्ही शरीराचे पहारेकरीच औषधांनी झोपवून ठेवलेत. आता कुणाची साधी सर्दीसुद्धा याला पुरे आहे. गर्दी नको. ऑफिस नको. कळलं ना?"

बाईंना कळलं. पण औषधं यायची विद्यापीठाच्या इस्पितळातून, आणि यायची ती नोकरी होती म्हणून. नोकरी गेली की औषध गेलं, औषध गेलं की फुप्फुसं गेली. म्हणून घरी बसून काम करायची परवानगी हा त्या घराचा खरा श्वास होता.

ती परवानगी मिळवून दिली कोतवालांनी. कॅम्पसच्या नेटवर्कचे प्रमुख ते. आत कोण येतो, बाहेर कोण जातो यावर त्यांची नजर, म्हणून हे नाव. उंचेपुरे, आवाज ढोलासारखा, पण माणूस लोण्याचा. फोनवर त्यांनी प्रोफेसरला नियम समजावले, ते स्पीकरवर बाईंनीही ऐकले.

"हे बघा, तुमच्या घरापासून कॅम्पसपर्यंत आपण एक बोगदा खणतोय असं समजा. रस्त्यावर चोर-भामटे हिंडतात, पण बोगद्यात कुणाला डोकावता येणार नाही. आत यायच्या दाराला दोन कुलपं. एक तुमचा पासवर्ड. तो टाकला की तुमच्या फोनवर प्रश्न येणार, 'तुम्हीच आहात का?' हो दाबलं की दुसरं कुलूप उघडलं. आता नीट ऐका. पासवर्ड तुमच्या डोक्यात आणि फोन तुमच्या हातात. त्यात वाटेकरी नको. सख्ख्या बायकोलासुद्धा नाही."

"बायको नाहीये," प्रोफेसर म्हणाला.

"मग निम्मी काळजी मिटली," कोतवाल म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर गडगडाटी हसले.

राहिलेल्या निम्म्या काळजीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. ती स्पीकरजवळ बसून स्वेटर विणत होती.

कारण झालं असं, की ते घर म्हणजे लांबुळका डबा. मागची खोली सगळ्यांत स्वच्छ, धूळ नाही, रस्ता नाही, म्हणून प्रोफेसरला तिथे ठेवलेला. तिथे लॅपटॉपला वायर होती, पण मोबाइलला रेंज नावाला नव्हती. रेंज फक्त पुढच्या खोलीतल्या खिडकीच्या कट्ट्यावर, तीसुद्धा फोन उभा ठेवला तर. पहिल्या आठवड्यात प्रोफेसर दर वेळी उठून कट्ट्यापर्यंत जाई, हो दाबी, भिंत धरून उभा राही आणि धापा टाकत परत येई. तोवर लॅपटॉप वाट बघून कंटाळलेला असे. पुन्हा पासवर्ड, पुन्हा कट्टा. बाईंना ते बघवेना.

"बस तू. मी दाबते."

"नियमात बसत नाही, आई."

"तुझा श्वास बसतो का नियमात?"

तेव्हापासून ती रीतच पडली. दिवसातून कितीदा तरी मागून हाक यायची.

"आई, हो दाब!"

"दाबलं!"

"कुठे दाबलंस? नुसतीच ओरडतेस."

"अरे, चष्मा तरी लावू देशील की नाही? पंतप्रधानांचा फोन असता तरी मी चष्मा लावूनच जोडला असता."

"पंतप्रधानांना उशीर चालतो. माझ्या पुलाला नाही चालत."

खरं सांगायचं तर बाईंना त्या कामाने दहा वर्षांनी तरुण केलं. खिडकीत बसायचं, फोनवर दिवा लागला की बोट ठेवायचं, आणि आपला मुलगा एका क्षणात शहर ओलांडून कॅम्पसात पोचायचा. शेजारणींना त्या सांगत, "मी रोज पोराला कामावर सोडते. बसून." पुढे पुढे प्रोफेसरला हाक मारायचीही गरज राहिली नाही. बोललं की दम लागे. तो पासवर्ड टाकी, इकडे दिवा लागे, बाई दाबत. आई-मुलाचं हे बिनबोलाचं गणित इतकं जमलं होतं, की त्यात तिसरं कुणी येईल हे दोघांच्या स्वप्नातही नव्हतं.

तिसरा आला तो पत्राच्या रूपाने. प्रोफेसरच्या लॅपटॉपवर एक मेल आला. वर विद्यापीठाचं चिन्ह, खाली सही. 'आपली बाहेरून काम करण्याची परवानगी संपत आहे. ती चालू ठेवण्यासाठी खाली पासवर्ड भरा.' एरवी असला मेल प्रोफेसरने वाचताक्षणी उडवला असता. दुसऱ्यांना तो स्वतःच सावध करायचा. पण त्या एका वाक्यापुढे त्याला दुसरं काही दिसलंच नाही. परवानगी संपत आहे. त्याने घाईघाईने पासवर्ड भरला, आणि भरल्यावर हायसं वाटून औषध घेऊन झोपला.

दुपारची वेळ. बाई खिडकीत मटार सोलत होत्या. फोनवर दिवा लागला. तुम्हीच आहात का? बाईंनी मटाराच्या हातानेच हो दाबलं. थोड्या वेळाने पुन्हा दिवा. पुन्हा हो. मग तिसऱ्यांदा. 'आज पठ्ठ्या रंगात आलाय,' बाई मनाशी म्हणाल्या. त्यांना बरंच वाटलं.

संध्याकाळी प्रोफेसर उठला, तशी त्या दारातून म्हणाल्या, "आज पुष्कळ वारा सोडलास वाटतं?"

"कुठला वारा? मेल्यासारखा झोपलो होतो."

"वा! आणि मग ते—" असं म्हणून बाईंनी फोनकडे बोट केलं, पण प्रोफेसरचा चेहरा बघून वाक्य तोंडातच राहिलं. तो राखेसारखा पांढरा पडला होता. तो उठला, भिंत धरत धरत कट्ट्यापर्यंत गेला आणि कोतवालांना फोन लावला. फोन व्यस्त होता. तो व्यस्तच राहिला, कारण तोवर अर्ध्या कॅम्पसचे कॉम्प्युटर काळेठिक्कर पडून प्रत्येकाच्या पडद्यावर खंडणीची एकच चिठ्ठी झळकत होती. वर्षानुवर्षांची वादळं, मोडलेले-न मोडलेले सगळे पूल, कुणाकुणाचे प्रबंध, सगळं कुणीतरी अनोळखी कुलपात घालून बसलं होतं. कोतवालांनी सगळे बोगदे एका फटक्यात बुजवून टाकले. बाहेरून कुणीही आत यायचं नाही.

"काय झालं रे?" बाईंनी विचारलं.

"कुणीतरी घुसलंय आत."

"कुठून?"

प्रोफेसरने फोन पुन्हा कट्ट्यावर उभा केला. मग म्हणाला, "शोधतायत."

शोधायला वेळ लागला नाही. चौकशी समिती बसली आणि प्रोफेसरला लॅपटॉपवरच हजर राहायला सांगितलं. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. जन्मभर कुणाचं अक्षर न ऐकणाऱ्या बाईंनी त्या दाराला कान लावला.

"पासवर्ड तुम्ही दिलात, ते कबूल आहे तुम्हाला," आतून एका बाईचा कोरडा आवाज आला. त्या समितीच्या अध्यक्ष. "पण फोनवर तीनदा प्रश्न आला. तीनदा हो दाबलं गेलं. ते कुणी दाबलं?"

"मी," प्रोफेसर म्हणाला. "औषधाच्या गुंगीत होतो. काय दाबतोय ते समजलं नाही."

"तुमच्यासारख्या माणसाला हा बेजबाबदारपणा शोभतो का?"

"नाही शोभत."

"निर्णय सोमवारी कळवू."

दाराबाहेर बाईंनी बोटांवर मोजलं. तीन दिवे. मटाराचे तीन हिरवे ठसे फोनच्या काचेवर अजून असतील. त्या आत गेल्या.

"ते मी दाबलं होतं. तू खोटं का बोललास?"

"आई, सोमवारपर्यंत गप्प राहा. एक अक्षर कुठे बोलू नकोस."

"माझ्यासाठी तुला बेजबाबदार म्हणाली ती बया!"

"म्हणू दे. तू बोललीस तर जास्त बिघडेल." एवढं बोलून त्याला खोकल्याची उबळ आली, आणि पुढचं जे समजावून सांगायला हवं होतं, ते त्या खोकल्यात वाहून गेलं. बाईंना वाटलं, पोरगं आपल्याला वाचवतंय.

त्या गेल्या भावाकडे. भाऊ म्हणजे बसवाले मामा. आयुष्यभर बस चालवली, आणि रस्ता सोडून बाकी प्रत्येक विषयात वाट दाखवायची हौस. मामांनी सगळं ऐकलं आणि मांडीवर थाप मारली.

"ताई, यात विचार कसला? चूक म्हातारीची आहे म्हटल्यावर कोण शिक्षा करणार आहे? तुला काय नोकरीवरून काढतील? सरळ जा आणि सांग. पोरगा सुटला."

"तो नको म्हणतो रे."

"तो नको म्हणणारच! त्याच्या जागी मी असतो तर मीही आईला पुढे केलं नसतं. म्हणूनच तू स्वतः पुढे हो. चल, मी येतो. कॅम्पसपर्यंतचा एकेक खड्डा माझ्या ओळखीचा आहे."

मामा फाटकाशी थांबले. बाई आत गेल्या, चांगली साडी नेसून, हातात तो फोन घेऊन, पुराव्यादाखल. कोतवालांच्या खोलीत समितीच्या बाईही बसल्या होत्या. कोतवालांचे डोळे जागरणाने सुजले होते, पण म्हातारी दिसताच ते खुर्ची पुढे करून म्हणाले, "या मावशी, बसा. प्रोफेसर बरे आहेत ना?"

"तो बरा आहे. माझ्या पोराने काही केलेलं नाही, ते सांगायला आलेय. त्या दिवशी तो झोपला होता."

कोतवालांचं बोट कीबोर्डवर थांबलं. ते एकदम म्हणाले, "मावशी, चहा घेणार? चला, खाली कॅन्टीनमध्ये जाऊ. इथे फार उकडतं."

"चहा नको. आधी सांगू दे."

"मावशी, नंतर बोलू. या बाई कामात आहेत."

"मी कामात नाहीये," समितीच्या बाई म्हणाल्या. "बोला."

कोतवाल टेबलाआडून हाताने थांबा, थांबा असं करत होते. बाईंना ते दिसलं. त्यांना वाटलं, किती भला माणूस, म्हाताऱ्या बाईची अब्रू जाऊ नये म्हणून धडपडतोय. त्यांना अब्रूची पर्वा नव्हती. त्यांनी मान ताठ केली.

"हो मी दाबलं. तिन्ही वेळा मीच. माझा मुलगा बेजबाबदार नाही. त्याने एकदाही निष्काळजीपणे काही दाबलेलं नाही, कारण तो दाबतच नाही. पहिल्या दिवसापासून मीच दाबते. फोन माझ्याजवळच असतो."

कोतवालांनी डोळे मिटून घेतले.

"पहिल्या दिवसापासून?" समितीच्या बाईंनी विचारलं.

"रोज!" ऑपरेटरबाई म्हणाल्या. आणि काय सांगावं, त्या क्षणीही त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता.

समितीच्या बाईंचा आवाज मघापेक्षा मऊ झाला, आणि तेच वाईट होतं. "आजी, गुंगीत चूक होणं वेगळं. त्याला आम्ही ताकीद देणार होतो आणि नवा फोन देऊन परवानगी पुन्हा सुरू करणार होतो. कागद तयार होता. पण नियम तोडून किल्ली दुसऱ्याच्या हातात देऊन ठेवणं, तेही रोज, आणि समितीपुढे खोटं बोलणं... आता मला हे लिहून घ्यावं लागेल. मी ऐकलंच नाही असं कसं करू?"

"तुम्ही ऐकलंच नाही असं करा की," बाई म्हणाल्या. "मी जन्मभर तेच केलं."

पण ते वेगळं एक्स्चेंज होतं.

बाहेर मामा फुशारकीने विचारत होते, "काय, सुटला ना?" बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. घरी येईपर्यंत मामांना कळून चुकलं, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणालाही काही सल्ला दिला नाही.

सोमवारी पत्र आलं. बाहेरून जोडणी कायमची बंद. नोकरी राहील, पण रोज कॅम्पसमध्ये, आपल्या टेबलावर हजर राहून. मान्य नसल्यास राजीनामा.

प्रोफेसर ते वाचून ओरडला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. तो हसला. हसता हसता खोकला.

"आई, मी खोटं बोललो ते तुला वाचवायला नव्हे गं. जोडणी वाचवायला."

"मग तसं सांगायचं होतंस!"

"तसं सांगितलं असतं तर तुला कळलं असतं की दार तुझ्या बोटाने उघडलं. वाटलं, ते तू डोक्यात घेऊन बसशील."

"आता काय घेऊन बसू?" बाई म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, जाऊ नका. औषधांचं विचारलं तर म्हणाले, ती मात्र चुकवून चालणार नाहीत. या दोन वाक्यांच्या मधे कुठेतरी उभं राहायला जागा असेल तर ती डॉक्टरांनी दाखवली नाही. कोतवालांनी विद्यापीठाच्या साहेबांच्या दाराशी जाऊन विनवण्या केल्या, त्यात त्यांना एवढंच मिळालं की प्रोफेसरचं टेबल खिडकीशी लागलं.

प्रोफेसर कामावर जाऊ लागला. नाकातोंडावर जाड मास्क, हातात जंतुनाशकाची बाटली. बाई त्याच्याबरोबर भाड्याच्या गाडीत बसत आणि दिवसभर इमारतीसमोरच्या बाकावर बसून राहत. आत जायला त्यांच्याकडे कार्ड नव्हतं. कोतवाल अधूनमधून बाहेर येऊन शेजारी बसत.

"खिडकी उघडी ठेवायला सांगितलीय, मावशी."

"हं."

"त्या दिवशी मी तुम्हाला..."

"थांबवत होतात. दिसलं होतं मला." बाई इमारतीकडेच बघत होत्या. "मग ओरडला का नाहीत? एवढा मोठा आवाज दिलाय तुम्हाला."

कोतवाल उठले आणि खिडकी उघडी आहे ना ते बघायला आत गेले.

आठवडा सरत आला त्या दिवशी संध्याकाळी इमारत सुटली आणि जिन्यावरून माणसांचा लोंढा खाली आला. त्यात मधोमध प्रोफेसर. चारपाच सहकारी त्याच्याभोवती होते, कुणीतरी कुठल्याशा पुलाची गंमत सांगत होतं, आणि प्रोफेसर खदखदून हसत होता. मास्क हनुवटीखाली. दोन वर्षं त्याने आईखेरीज माणूस पाहिला नव्हता. त्याचा चेहरा असा उजळला होता की बाईंना तो कॉलेजात जायचा तेव्हाचा आठवला. 'मास्क वर कर' अशी आरोळी त्यांच्या ओठांपर्यंत आली आणि तिथेच अडली. हसू दे. घटकाभर हसू दे.

मग मात्र राहवेना. त्या उठल्या, गर्दीत शिरल्या आणि सगळ्यांसमोर त्यांनी त्याचा मास्क स्वतः वर ओढला.

"आई! हे काय, लहान आहे का मी?" तो म्हणाला, पण हसतच.

बाईंची बोटं त्याच्या गालावरून निघेनात. गाल तव्यासारखा तापला होता.

"उन्हात बसला होतास का रे?"

"नाही गं. खिडकी उघडीच होती, सारखा वारा." त्याचे डोळे चमकत होते. "उलट थंडीच वाजतेय जरा."

बाईंनी त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि इस्पितळात जायला गाडीला हात केला.